रात्र मोहल्ल्याची, पाहुणे गावोगावचे

रमजानमधल्या कुठल्याही शनिवारी रात्री दहानंतर दक्षिण मुंबईत मोहम्मद अली रोडवर उभे राहून गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात. एमएच ०१ आणि ०३ या घरच्याच. पण मध्येच पुण्याची १२ दिसते, नाशिकची १५, साताऱ्याची ११, एखादी थेट कोल्हापूरची ०९. गाडीत दोन कुटुंबे कोंबलेली, मागे मुले पेंगुळलेली आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्याच्या हातात नकाशा उघडलेला मोबाइल. पार्किंग मिळत नाही म्हणून गाडीची तिसरी चक्कर चाललेली असते. शोध एकाच जागेचा : मिनारा मशीद.

या पाहुण्यांत मुसलमान असतात तसे इतरही असतात, आणि अलीकडे इतरांची संख्या डोळ्यांत भरावी इतकी वाढली आहे. कॉलेजची मुले, ऑफिस सुटल्यावर परस्पर आलेले गट, हातात अजून हिरवा चुडा असलेली नवी सून आणि तिच्यासोबत सासूबाई. सासूबाई मांसाहार करत नाहीत, त्या फिरनी खायला आलेल्या असतात.

२०२०च्या जानेवारीत मुंबईत काही ठिकाणचे मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, तेव्हा ‘नाइटलाइफ’ या शब्दावर बरेच वाद झडले. रात्रीची मुंबई म्हणजे पब, दारू आणि धिंगाणा असेच चित्र बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे होते. भेंडी बाजारच्या लोकांना त्याची गंमतच वाटली असणार. थेंबभर दारू न विकता पहाटेपर्यंत जागणारा बाजार त्यांच्या दारात पिढ्यान् पिढ्या भरतो आहे, तोही आजी-नातवंडांसकट.

तिथे जायचे तर गाडी न नेलेली बरी. सीएसएमटीला उतरून चालत निघाले की वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. मशीद बंदर स्टेशनहून त्याहूनही कमी. वाटेत महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे क्रॉफर्ड मार्केट. तिथे या दिवसांत खजुराचे ढीग लागतात. अजवा, मब्रूम, कलमी अशी नावे ऐकावीत, चव बघावी आणि मग खिशाला झेपेल तो घ्यावा. मंडईच्या जवळच मुंबईची जुनी जामा मशीद आहे. कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, आणि तिच्या पोटात जिवंत झऱ्यांचे तळे आहे. पुढचा रस्ता खिलाफत चळवळीतले नेते मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या नावाचा. डोक्यावरून जाणाऱ्या सुमारे अडीच किलोमीटरच्या उड्डाणपुलाला सगळे जे. जे. फ्लायओव्हर म्हणतात, त्याचे अधिकृत नाव मात्र ‘कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी’ असे आहे. माहीमच्या दर्ग्यात विसावलेल्या या विद्वान सूफींनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. पुलावरून जाणाऱ्याला खालची रोषणाई क्षणभर दिसते आणि संपते. पाहायचे असेल तर खालीच उतरावे लागते.

पण किती वाजता पोहोचायचे? बहुतेक पाहुणे इथेच चुकतात. या रस्त्याला रमजानमध्ये स्वतःचे घड्याळ असते आणि ते नमाजांवर चालते.

सूर्यास्ताला रोजा सुटतो. त्याच्या अर्धा तास आधी रस्ता अचानक घाईला येतो. भजी, समोसे, कापलेली कलिंगडे आणि पपया, सरबताच्या बाटल्या घेऊन माणसे घराकडे पळत असतात. दुकानदार गल्ल्यासमोरच वर्तमानपत्र पसरून त्यावर खजूर आणि फळे मांडतात. अजान झाली की पाच-दहा मिनिटे सगळा बाजार गप्प होतो. त्या वेळी एखाद्या पाहुण्याने काउंटरवर जाऊन ‘दोन प्लेट सीख कबाब’ म्हटले तर कोणी रागावत नाही. उलट त्यालाच हाताला धरून पंगतीत बसवतात आणि खजूर पुढे करतात. मात्र त्या माणसाने पहाटेपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही, हे मागणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

त्यानंतर मगरिबची नमाज, थोडा विसावा, मग इशाची नमाज आणि तिला जोडून तरावीह. तरावीह ही फक्त रमजानमधली रात्रीची नमाज. बहुतेक मशिदींत ती वीस रकातांची असते आणि कुराण तोंडपाठ असलेले हाफिज महिनाभरात संपूर्ण कुराण त्यात ऐकवतात. मुंबईने यातही आपली सोय काढली आहे. व्यापारी, फिरस्ते आणि पाळीत काम करणारे यांच्यासाठी तीन दिवसांची, सहा दिवसांची, दहा दिवसांची तरावीह असते; तेवढ्या रात्रींत कुराण पूर्ण होते आणि मग माणूस धंद्याला मोकळा होतो. सगळ्यांनाच ही घाई पसंत नसते. भराभर वाचलेल्या कुराणाचे कान समाधान मानत नाहीत, असे जुनेजाणते म्हणतातच.

तर, तरावीह सुटेपर्यंत साडेदहा होतात. मिनारा मशिदीच्या बाजूची खाऊगल्ली खरी भरते ती त्यानंतर. दिव्यांच्या माळांनी मशिदीचे दोन्ही मिनार हिरवे-पांढरे उजळलेले असतात आणि खाली धूर, तुपाचा वास, कोळशाच्या ठिणग्या आणि ‘आओ भाईजान, आओ बाजी’ असा पुकारा. टोप्या आणि पदर, स्कूटरवरची अख्खी कुटुंबे, गुलाबी सरबताचे हंडे, सळ्यांवरचे मांस, लोखंडी तव्यावर आपटणारे कालथे.

इथला मालपुवा आपल्या गावाकडच्या होळीच्या मालपुव्याचा नातेवाईक म्हणावा तर पैलवान नातेवाईक. भल्यामोठ्या पसरट कढईत उकळत्या तुपात पीठ ओतले की थाळीएवढा पसरतो. पिठात मैदा, साय, साखर असते आणि अंडीही असतात. शाकाहारी मंडळींनी हे आधी लक्षात घ्यावे. कडा लालसर कुरकुरीत, पोटात मऊ. वर रबडीचा किंवा सायीचा थर. एक मालपुवा चौघांना पुरतो. एकट्याने संपवीन म्हणणारे निम्म्यावर थांबतात आणि मग इकडेतिकडे बघू लागतात. फिरनीला मात्र अंडे लागत नाही. भरड तांदूळ दुधात आटवून मातीच्या परळांत ओततात. माती पाणी शोषते आणि फिरनी घट्ट बसते. १९३६ पासूनच्या सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांच्या दुकानासमोर या परळांची चळत लागलेली असते आणि खाऊन झालेल्या परळांचा ढीग बाजूला वाढत जातो.

या गल्लीत कोकणच्या माणसाने एक गोष्ट शोधून खावी : सांदण. कोकणी मुसलमान घरांतले हे तांदळाचे वाफवलेले गोड, इडलीसारखे जाळीदार, वर सायीचा थर देऊन इथे विकतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हिंदू घरांत फणसाचे सांदण होते. नाव तेच, वाफ तीच. फणसाच्या रसाच्या जागी साय आली एवढेच. शेजाऱ्यांनी कोणाकडून काय शिकून घेतले याचा हिशेब सुदैवाने कोणी ठेवलेला नाही.

नल्ली निहारीसाठी थोडे पुढे भेंडी बाजारच्या नाक्यावर जावे लागते. ‘नहार’ म्हणजे अरबीत दिवस. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी खायचा हा पदार्थ, म्हणून निहारी. रमजानने सकाळ-रात्रच उलटी केल्यामुळे ती मध्यरात्री खाल्ली जाते. १९२३ पासूनच्या नूर मोहम्मदी हॉटेलात ती खाताना भिंतीकडेही पाहावे, एम. एफ. हुसेन यांनी या हॉटेलाला चित्र दिले होते.

तिथून आत बोहरी मोहल्ल्यात शिरले की हवाच बदलते. आवाज कमी होतो, रंगीत लेसच्या रिदा घातलेल्या स्त्रिया आणि सोनेरी काठाच्या पांढऱ्या टोप्या दिसू लागतात. दाऊदी बोहरा समाजाची दिनदर्शिका आधीच आखलेली असते, चंद्र दिसण्यावर ती थांबत नाही. त्यामुळे त्यांचा रमजान बहुधा एक-दोन दिवस आधी लागतो आणि ईदही आधी येते. शेवटच्या दिवसांत येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, नाहीतर एका गल्लीत ईद आणि दुसऱ्या गल्लीत रोजा बघून गोंधळ उडतो. इथली खासियत म्हणजे बारा हंडी : पाया, नल्ली आणि तसलेच प्रकार वेगवेगळ्या हंड्यांत रात्रभर शिजतात आणि गिऱ्हाईक सांगेल तसे एकातले दुसऱ्यात मिसळून देतात. शेवट ताज आइस्क्रीममध्ये करावा. १८८७ पासूनचे हे दुकान. लाकडी सांच्यात बर्फ-मीठ घालून हाताने फिरवलेले सीताफळाचे आइस्क्रीम. जुन्या इमारती पाडून साडेसोळा एकरांवर भेंडी बाजाराची पुनर्बांधणी चालू आहे. अर्धी वस्ती नव्या टॉवरांत, अर्धी जुन्या चाळींच्या खुणा शोधत. पुढच्या दहा वर्षांत हा मोहल्ला ओळखू येईल की नाही, कोण जाणे.

खाण्याचे एवढे कौतुक झाले. आता खाऊ घालणाऱ्यांकडे पाहू.

कढईपुढे उभा असलेला कारागीर बहुधा उत्तर प्रदेश-बिहारकडचा असतो आणि त्याचाही रोजा असतो. दुपारी दोनपासून तो मांस मुरवतो, दूध आटवतो, कणीक मळतो. मीठ बरोबर आहे का हे जिभेवर घेऊन थुंकून टाकण्याची मुभा शरियतच्या जाणकारांनी गरजेपोटी स्वयंपाक्याला दिली आहे. पण मुरलेले आचारी तीही घेत नाहीत. रंग, वास आणि हातावरचा अंदाज यांवर त्यांचे चालते. रात्री तीनपर्यंत आगीपुढे उभे राहायचे, सहरी करायची, जरा पडायचे आणि पुन्हा दुपारी उभे राहायचे. या एका महिन्याच्या कमाईवर गावाकडे नवे कपडे जातात, कर्जाचा हप्ता जातो.

२०२०चा रमजान एप्रिलच्या अखेरीस लागला, तेव्हा देश टाळेबंदीत होता. तरावीह घराघरांत झाली, मिनारा मशिदीखालची गल्ली रिकामी राहिली, कढया उलट्या पडून होत्या. हातावर पोट असलेल्या शहरभरच्या मजुरांबरोबर यातलेही किती तरी जण मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले. २०२१च्या रमजानवरही निर्बंध होतेच. दोन वर्षे हा हंगाम बुडाला. आज गर्दीत धक्के खाताना वैतागलेल्या पाहुण्याने त्या रिकाम्या गल्लीची कल्पना करून पाहावी.

पण गर्दीचा दुसरा हिशेबही आहे. खाऊगल्लीच्या डोक्यावर तीन-चार मजली जुन्या इमारती आहेत आणि त्यांत माणसे राहतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे सध्या तो दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात येतो आहे. रात्री एक वाजता खाली कालथा आपटतो आहे, कोणी मोबाइलसमोर ओरडून ‘रिव्ह्यू’ देतो आहे आणि वरच्या खोलीत एक मुलगी कानांत कापूस घालून बीजगणित सोडवते आहे. सकाळी तिचा पेपर आहे आणि तिला सहरीलाही उठायचे आहे. कोणाच्या घरी आजारी म्हातारे असतात. त्यांना दवाखान्यात न्यायचे तर रुग्णवाहिकेला ही गल्ली ओलांडता येत नाही. कॅमेरे हा नवा ताप. नमाज पढणाऱ्याच्या तोंडासमोर, दारात बसलेल्या बाईच्या अंगावर, न विचारता मोबाइल रोखला जातो. विचारले तर बहुतेक जण हसून हो म्हणतात. विचारायला काय लागते?

आणि एक तक्रार मोहल्ल्याच्या आतून आहे. उपास, संयम आणि इबादतीचा महिना बाहेरच्या जगात खाद्यजत्रा म्हणून ओळखला जावा, हे पुष्कळ रोजेदारांना खुपते. त्यात दोष पाहुण्यांचा थोडा आणि घरच्यांचा जास्त आहे. दिवसभराची भूक रात्री व्याजासकट वसूल करणारे आपल्यातच कमी नाहीत. जुम्याच्या खुतब्यांत इमाम ‘इस्राफ’वर, म्हणजे उधळपट्टीवर बोलतात, लोक माना डोलावतात आणि रात्री टेबलावर अर्ध्या प्लेटा टाकून उठतात. त्याच गल्लीच्या तोंडाशी जकात आणि सदक्याच्या आशेने आलेल्या बायका लेकरे घेऊन बसलेल्या असतात. शिलकीच्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा गरिबांचा, हा रमजानमधला मोठा हिशेब. बहुतेक जण जकात याच महिन्यात काढतात. तो हिशेब कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

गावाकडच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न असतो, तो सहसा मोठ्याने विचारला जात नाही : आपण गेलो तर चालेल का? पन्नाशी ओलांडलेल्यांना १९९२-९३ आठवते. या वस्त्यांनी तेव्हा पुष्कळ सोसले आणि ‘तिकडे रात्री कशाला’ हे वाक्य त्यानंतर कित्येक घरांत पक्के बसले. त्याचे उत्तर तिथली गर्दीच देते. कोणी नाव विचारत नाही, धर्म विचारत नाही. विचारतात ते एवढेच : ‘मसाला कम या ज्यादा?’ मशिदीत जायचे असेल तर दारावर विचारावे. नमाजाची वेळ नसेल तर बऱ्याच ठिकाणी आत घेतात, काही ठिकाणी नाही. बायकांच्या बाबतीत मशिदीगणिक रीत वेगळी.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवे. तालुक्याच्या गावात रात्री नऊनंतर बाई एकटी दिसली तर चार प्रश्न येतात. इथे रात्री दोन वाजता मायलेकी बांगड्यांच्या दुकानात भाव करत असतात, सत्तरीतल्या आजी सरबत पीत पायरीवर बसलेल्या असतात. घरचा स्वयंपाक, इफ्तार, भांडी हे सगळे उरकून ही मोकळीक मिळालेली असते, आणि वर्षात एकच महिना. ती बिनधोक आहे असेही नाही. खाऊगल्लीच्या दाटीत धक्काबुक्कीचा गैरफायदा घेणारे आणि पाकीटमार दोन्ही असतात. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी यावे, बाराच्या आत दाटीतून निघून बोहरी मोहल्ल्याकडे किंवा कपड्यांच्या दुकानांकडे वळावे, हे तिथल्या बायका स्वतः करतात.

महिन्याच्या अखेरीस बाजाराचा भर खाण्यावरून कपड्यांवर सरकतो. शिवणयंत्रे रात्रभर चालतात. अत्तरवाले काचेच्या कांडीने मनगटावर थेंब ओढतात आणि विकत घ्याच असा आग्रह धरत नाहीत. सत्ताविसावी रात्र सुन्नी मशिदींत जागवली जाते. बोहरा समाज तेविसावी जागवतो. या रात्री पाहुण्यांनी खायला यावे, पण मशिदीसमोरची वाट मोकळी ठेवावी. मग चाँद रात येते. त्या रात्री कुठल्याही सल्ल्याचा उपयोग नाही. उभे राहायला जागा मिळाली तर नशीब.

रात्री साडेबारा-एकनंतर लोकल थांबतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. ज्यांची शेवटची गाडी चुकते, त्यांना या रात्रीचा सगळ्यात चांगला भाग फुकट मिळतो. तीननंतर पाहुणे पांगलेले असतात. धूर विरतो. भांडी घासल्याचा आवाज येऊ लागतो, वरच्या खिडक्यांत एकेक दिवा लागतो. आता गिऱ्हाईक मोहल्ल्याचेच : दुधात भिजवायला खाजला आणि फेणी, रात्रीचा उरलेला खिमा, पाव. दिवसभर इतरांना वाढणारे कारागीर पहिल्यांदा स्वतः बसतात. एका परातीभोवती सहा-सात जण, घड्याळाकडे बघत, न बोलता. कोणी तरी पाण्याचा तांब्या फिरवतो आणि शेवटचा घोट सगळ्यांना पुरेल ना, हे बघतो. वेळ संपल्याचा पुकारा होतो आणि पाठोपाठ फजरची अजान.

उजाडता उजाडता पालिकेचे सफाई कामगार येतात. फुटलेले परळ, काड्या, कागदी प्लेटा यांचे ढीग झाडूने एका कडेला लागतात. मशीद बंदर स्टेशनवर झोपाळलेली मुले खांद्यावर घेऊन दोन-तीन कुटुंबे गाडीची वाट पाहत असतात, कोणाच्या तरी पिशवीतून अफलातूनच्या खोक्याला सुटलेल्या तुपाचा वास येत असतो. दुकानांची शटर खाली येतात. आत फळ्यांवर आणि पोत्यांवर कारागीर आडवे झालेले असतात. दुपारी दोनपर्यंत त्यांना कोणी उठवत नाही.